गुळव्याच्या घरची साखर

ज्ञानूतात्याला गुळाचा पाक कानाने कळतो. काहिलीतला उसाचा रस आटत आला की बुडबुडा फुटण्याचा आवाज बदलतो, असं त्याचं म्हणणं. मी जन्मल्यापासून या गावात आहे, दरसाल गुऱ्हाळावर जातो, कान लावून ऐकतो आणि मला दरवेळी नुसतं बदबद बदबदच ऐकू येतं. तात्या मात्र वाफेत तोंड घालून उभा असतो, मध्येच हात वर करतो आणि सहा गडी दांडे घालून ती काहील ओढतात आणि पाक वाफ्यात, म्हणजे गार करायच्या उथळ हौदात, ओततात. हात वर करायला जरा उशीर झाला तर गूळ काळा पडतो, घाई झाली तर भेली बसत नाही, पाझरत राहते. हे काम करणाऱ्याला आमच्याकडे गुळव्या म्हणतात. एका वेळी काहिलीत घातलेला रस म्हणजे एक आधण, आणि तात्या वेळसुद्धा आधणातच सांगतो. ‘दुसरं आधण उतरलं की ये’ म्हणाला, तर शहाण्याने समजून जावं.

माझं नाव अनेकांत. गावात माझं औषधांचं दुकान आहे. आम्ही जैन, म्हणून सगळं गाव मला आण्णा म्हणतं. माझ्या बापालाही आण्णाच म्हणायचं, त्यामुळे आमच्या दारात हाक आली की दोघंही बाहेर यायचो. तात्याची ही हकिकत मी लिहितोय, कारण तिच्यात माझाही थोडा हात आहे, आणि तो काही फार चांगल्या कामात गुंतलेला नव्हता.

आमचं गाव भोगावतीच्या काठचं, कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर. जिकडे बघाल तिकडे ऊस. पाहुणा आला की आधी गूळ-पाणी द्यायचं, मग चहा, आणि मग विचारायचं की पावणं, कशासाठी येणं केलंत. गुऱ्हाळावर तर रस्त्याने जाणारा माणूसही तोंड गोड केल्याशिवाय सुटत नाही. अशा गावात एखाद्या पोराची साखर उतरते असं कोणी म्हटलं असतं, तर आम्ही त्यालाच वेड्यात काढलं असतं.

पण ते झालं, आणि झालं तेही गुळव्याच्याच घरात.

तात्याचा एकुलता एक मुलगा विजयसिंह शिरोलीला फौंड्रीत कामाला आहे. त्याची बायको संयोगिता शाहूवाडीकडची. लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा त्यांना मुलगा झाला, राजवर्धन. तात्याची बायको तानाबाई हिने बारशाला अख्ख्या गावाला बुंदी वाटली. पोरगं सहा महिने नुसत्या अंगावरच्या दुधावर होतं. गुटगुटीत, हसरं. मी वजनाला माझ्या दुकानातला काटा द्यायचो, दर महिन्याला काटा पुढे सरकायचा.

सहाव्या महिन्यात उष्टावण केलं. मामा शाहूवाडीहून तांदूळ घेऊन आला. तात्याने त्या दिवसासाठी वेगळी भेली केली होती. मळी काढायला भेंडीच्या झाडाचा रस वापरला होता, पावडर-बिवडर काही घातली नव्हती. त्या तांदळाची, त्या गुळाची खीर केली. मामाने दोन चमचे भरवले. पोराने तोंड वाकडं केलं तशी सगळी हसली. अर्ध्या-पाऊण तासाने त्याने भडाभडा ओकलं, आणि मग जे झोपलं ते दिवे लागले तरी उठेना. ‘लई खाल्लं लेकानं, सुस्त झालं,’ असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मीही त्यांच्यात होतो आणि खिरीची दुसरी वाटी खात होतो.

त्यानंतर पोराचं काहीतरी बिघडलं. पोट पुढे आलं, हातपाय बारीक राहिले. केळं दाखवलं की तोंड फिरवायचं. दुधात बिस्कीट कुस्करून दिलं की थुंकायचं. तानाबाई नाक दाबून मधातलं चाटण घालायची आणि म्हणायची, ‘आईचं दूध पातळ हाय. भाताच्या मुलखातली पोर, तिच्या अंगात काय असणार?’ संयोगिता ऐकून घ्यायची. तिचा स्वभाव मुकाट नाही, पण पोर आजारी असलं की सुनेची बोलती बंद होते, हे आपल्याकडे कोणी वेगळं सांगायला नको.

मी माझ्या परीने एक लिव्हरचं टॉनिक दिलं. ‘गोड असतं, पोरं चाटून-पुसून पितात,’ असं वर ठणकावून सांगितलं. या पोराने ते माझ्या शर्टावर उडवलं. मला राग आला होता, हे कबूल करतो. दहा महिन्यांचं पोर माझ्यापेक्षा जास्त जाणतं, हे कळायला मला पुढे वर्ष लागलं.

चौदाव्या महिन्यात एका सकाळी तानाबाई त्याला पदरात गुंडाळून धावतच दुकानात आली. ‘आण्णा, बगा की, मान टाकायलंय!’ पोर घामाने निथळत होतं, ओठ पांढरे, डोळे अर्धे मिटलेले. साखरेचा आजार असलेल्या म्हाताऱ्यांसाठी मी दुकानात मशीन ठेवतो. बोटाला सुई टोचली. मशीनवर आकडा आला अडतीस. माणसाची साखर सत्तरच्या खाली गेली की काळजी करायची, इथे तर निम्म्यावर आली होती. मी डब्यातली साखर चिमटीने त्याच्या तोंडात घातली, गाडी काढली आणि जवळच्या एका डॉक्टरकडे नेलं. तिथे ग्लुकोजची बाटली लावली आणि दहा मिनिटांत पोर डोळे उघडून रडायला लागलं.

डॉक्टर तरुण होता. ‘साखर उतरली होती,’ तो म्हणाला. ‘उपाशी ठेवू नका, गोड देत जा. तुम्हाला काय, तुमचं तर गुळाचं गाव!’ आम्ही सगळे हसलो. ते हसणं आम्हाला फार महागात पडलं.

कारण त्या दिवसापासून तात्याने ते काम अंगावर घेतलं. साखर उतरते ना, मग आपण चढवू! भाकरीबरोबर काकवी, दुधात गूळ, भातावर गुळाचं पाणी. काकवी म्हणजे पाक घट्ट होण्याआधी काहिलीतून काढलेला पातळ गूळ. तात्याच्या हातची काकवी न्यायला लोक राधानगरीहून बाटल्या घेऊन येतात. आणि पोराची साखर पुन्हा उतरली. दिवाळीत उतरली, संक्रांतीला तिळगुळाच्या दिवशी उतरली, शिमग्याला पुरणपोळी झाली तेव्हा उतरली. प्रत्येक वेळी बाटली लावायची, पोर उठून बसायचं, आणि घरी आल्यावर आम्ही आणखी गोड घालायचो. जेवढं गोड जास्त, तेवढी साखर कमी. आता लिहिताना हे किती सरळ दिसतं! तेव्हा आमच्यातल्या एकालाही दिसलं नाही, आणि मी तर औषधांचा डिप्लोमा भिंतीवर टांगून बसलो होतो.

शेवटी विजयसिंहाने पोराला कोल्हापूरला डॉक्टर प्राची मगदूम यांच्याकडे नेलं. लहान मुलांच्या हार्मोन्सचं त्यांनी वेगळं शिक्षण घेतलेलं आहे. बाई बोलायला मऊ, पण एक गोष्ट तीनदा विचारणार. त्यांनी समजावलं ते असं : जेवण झालं की इन्सुलिन रक्तातली साखर खाली आणतं आणि जास्तीची लिव्हरमध्ये साठवून ठेवतं. पोट रिकामं झालं की कॉर्टिसॉल, वाढीचं हार्मोन ही मंडळी लिव्हरला सांगतात की काढ आता साठवलेली साखर. यात कुठेतरी गडबड असणार. इन्सुलिन फाजील असेल, नाहीतर बाकीची कमी पडत असतील, नाहीतर लिव्हरच्या कोठीलाच काही झालं असेल.

पोराला आठ दिवस ठेवून घेतलं. एवढ्याशा हातातून किती रक्त काढलं, मोजवत नाही. एकदा तर मुद्दाम उपाशी ठेवलं, नर्स उशाशी बसून. चौदा तास झाले तरी साखर सत्तरच्या खाली जाईना. सगळी हार्मोन्स जागच्या जागी. वर आणखी गंमत म्हणजे दवाखान्यातला मऊ भात, वरण, दूध आणि आईने चुरलेली भाकरी खाऊन पोर आठ दिवसांत टवटवीत झालं. वॉर्डातल्या बायकांना बघून टाळ्या वाजवायला लागलं. डॉक्टर म्हणाल्या, ‘मला अजून उत्तर सापडलेलं नाही, पण घरी न्या. काही झालं तर लगेच आणा.’

घरी आल्याला तिसरा दिवस, आणि पोराने पुन्हा मान टाकली.

मग गाव बोलायला लागलं. गावाला बोलायला असंही फार काही लागत नाही. दवाखान्यात पोर बरं असतं आणि घरात आलं की पडतं, म्हणजे घरातच खोड हाय. कोणी उतारा सांगितला, कोणी मोरीची दिशा बदलायला लावली. दोन-चार जणींनी सुनेचा पायगुण काढला. माझ्या दुकानात उभं राहून काढला, मी त्यांना खोकल्याच्या गोळ्या देऊन वाटेला लावलं. काय बोलायला हवं होतं ते मला रात्री सुचलं, नेहमीप्रमाणे.

संयोगिता मात्र त्या दिवसापासून बदलली. तिने सासूला सांगून टाकलं, ‘आत्ती, आजपासून गोड बंद. दवाखान्यात जे खात होता तेवढंच. डॉक्टरांनी सांगितलंय.’ डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. तिने ते मनाने ठरवलं होतं, आणि गुळव्याच्या घरात गुळावर बोट ठेवायचं म्हणून डॉक्टरांचं नाव पुढे केलं होतं. पुढचे तीन आठवडे पोर एकदाही पडलं नाही. वजन पावशेराने वाढलं.

तात्याच्या डोक्यात मात्र हे बसेना. ‘आण्णा, तूच सांग,’ तो दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाला, ‘विहिरीचं पाणी आटलं तर पाऊस बंद करत्यात व्हय? साखर उतरतीया आणि साखर बंद! कसलं डोकं म्हणायचं हे?’

मी म्हणालो, ‘बघू की तात्या, डॉक्टरांनी सांगितलंय ना.’ मलाही ते कोडंच होतं, पण डॉक्टरांचं नाव आलं की मी वाद घालत नाही.

तो उठला आणि गेला. मला वाटलं, पटलं.

त्यानंतर आठवड्याने, हंगाम संपता संपता, संयोगिता सकाळी बँकेच्या कामाला गेली होती. तात्याने पोराला खांद्यावर घेतलं आणि गुऱ्हाळावर नेलं. पावणेदोन वर्षांचं पोर, आजाच्या खांद्यावर बसून काहिलीखालच्या चुलवाणाचा जाळ बघायला त्याला आवडायचं. दुपार व्हायच्या आत गुऱ्हाळावरचा एक गडी मोटरसायकलवर माझ्याकडे आला. ‘आण्णा, चला! पोराला फिट आलीया!’

मी पोचलो तेव्हा पोर पोत्यावर होतं. हातपाय ताठ, दात घट्ट. कोणी नाकाला कांदा लावत होतं, कोणी म्हणत होतं तोंडात गूळ घाला. तात्या त्याचं डोकं धरून बसला होता. मशीनने एकोणतीस दाखवलं. जवळच्या सरकारी दवाखान्यात ग्लुकोजची सुई लावली, फिट थांबली, आणि तिथल्याच अॅम्ब्युलन्समधून आम्ही कोल्हापूर गाठलं. साखर वर आली होती, पण पोर डोळे उघडत नव्हतं.

संयोगिता बँकेतून थेट आली, विजयसिंह फौंड्रीतून, कामाच्या कपड्यांत. डॉक्टर प्राचींनी पोराला तपासलं आणि आईला विचारलं, ‘सकाळपासून काय खाल्लं?’

‘दूध आणि भाकरी. दुसरं काही नाही.’

‘आणखी काही? आठवा.’

‘नाही मॅडम. मी गोड सगळं बंद केलंय.’

‘नक्की?’ डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं. मग म्हणाल्या, ‘हे बघा, साध्या जेवणावर जर साखर एवढी उतरत असेल, तर मला वेगळा विचार करावा लागेल. पुण्याला पाठवावं लागेल. लिव्हरचा तुकडा काढून तपासायचा. एवढ्या अशक्त मुलाला त्यात धोका आहे, पण दुसरा मार्ग दिसत नाही.’

विजयसिंह भिंतीला टेकला. तात्या दाराशी उभा होता, हाताला पाक वाळून चिकटलेला. गप्प राहिला असता तर त्या खोलीतल्या कोणालाही कधी कळलं नसतं. गुऱ्हाळावरचे गडी त्याच्या शब्दाबाहेर नाहीत.

‘मी काकवी दिलती,’ तो म्हणाला.

संयोगिताने वळून त्याच्याकडे बघितलं. मी तिच्या जागी असतो तर काय बोललो असतो, देव जाणे. तिने पोराच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

‘किती?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘दोन बोटं भरून. दुसऱ्या कुणी दिली असती तर दातखीळ बसवतंय त्ये. माझ्या हातची म्हणून तोंड उघडलं.’

‘आणि किती वेळाने पडला?’

‘घड्याळ न्हाय बगितलं. काकवी काढली, ह्याला दिली. मग काहील उतरली. वाफ्यात वतली. हाटून झाली. भेल्यांच्या बादल्या भरायला घेतल्या. पैली भरली, दुसरी भरली, तिसरीला पोरगं माझ्या पायाशी बसल्या जागी कलंडलं.’

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. ‘पाऊण तास,’ मी म्हणालो. ‘फार तर पन्नास मिनिटं.’

डॉक्टर खुर्ची ओढून तात्यासमोर बसल्या. ‘आजोबा, याआधी पडला तेव्हा?’

आणि तात्याने एकेक सांगितलं. दिवाळीत पैल्यांदा, पैलं आधण उतरलं तवा दिलती, वाफा गार व्हायच्या आत पडलं. संक्रांतीला तिळगूळ, चुलवाणात दुसरा भारा टाकायच्या आत. दवाखान्यातनं आणलं त्याच्या तिसऱ्या दिवशी, तवा बी मीच दिलती, गोठ्यात धारा काढून व्हायच्या आत पडलं. तारीख एकाचीही नव्हती, पण काय दिलं, किती दिलं आणि त्यानंतर कामाचा कुठला टप्पा चालू होता, यात कुठे अडखळला नाही. डॉक्टर लिहून घेत होत्या. प्रत्येक वेळी तेवढंच अंतर निघालं.

‘तुम्हाला शंका नाही आली?’ त्यांनी अगदी हळू विचारलं.

तात्याने हाताला चिकटलेला पाक नखाने खरवडला.

‘आलती की. दोनदा आलती. पण गुळानं कधी कुणाचं वाईट हुतंय का, म्हणून मनातच दाबली.’

तेव्हा संयोगिता सासऱ्याला म्हणाली, ‘मामा, मलाबी आलती. म्या तरी कुठं तोंड उघडलं?’ आणि ती रडायला लागली. विजयसिंहाने तिचा हात धरला, आमच्यासमोर, बापासमोर. आमच्या गावात हे कधी होत नाही.

डॉक्टरांनी मग जे सांगितलं ते मी शाळेत शिकलो होतो आणि विसरलो होतो. उसाची साखर म्हणजे दोन साखरा एकाला एक जोडलेल्या : एक ग्लुकोज, दुसरी फ्रुक्टोज. फळांत, मधात, गुळात, काकवीत हे फ्रुक्टोज असतं. ते पचवायला लिव्हरमध्ये एक एन्झाइम लागतं. काही मुलांना ते जन्मतःच नसतं. मग फ्रुक्टोज लिव्हरमध्ये अर्धवट पचून अडकून बसतं आणि साठवलेली साखर बाहेर काढण्याचा रस्ताच बंद करतं. म्हणून गोड खाल्लं की या मुलाची साखर उतरते. उपाशी ठेवलं तर काही होत नाही. बाटलीतलं नुसतं ग्लुकोज मात्र चालतं, म्हणून दरवेळी बाटलीने उठून बसायचा.

‘लहान मूल गोडाला तोंड का फिरवतं, हे मी आधीच विचारायला हवं होतं,’ त्या म्हणाल्या. डॉक्टर माणसाने असं म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

तिन्हीसांजेला पोराने डोळे उघडले आणि आईकडे दूध मागितलं. तात्या बाहेर व्हरांड्यात बसला होता. मी जाऊन सांगितलं तर नुसती मान हलवली. मग फरशीवर डोकं टेकून एवढा मोठा माणूस हमसाहमशी रडला, आणि मी त्याच्या शेजारी बसून राहिलो.

रक्त बेंगळुरूला गेलं, तीन आठवड्यांनी कागद आला, निदान पक्कं झालं. तानाबाईने विचारलं, हे कुणाकडनं आलं? डॉक्टर म्हणाल्या, दोघांकडून, आईकडून अर्धं आणि बापाकडून अर्धं, एकट्या कोणाकडून येतच नाही. आणि हेही म्हणाल्या की पहिले सहा महिने आणि पुढेही हे मूल तगलं ते आईच्या दुधावर. घरी आल्यावर तानाबाईने सुनेच्या पुढ्यात बसून सांगितलं, ‘तुझं दूध पातळ म्हनत हुते मी. जीभ कशी झडली न्हाय माझी.’

घरातला गूळ, साखर, मध सगळं बाहेर गेलं. मी दुकानातली एकेक बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचली. ताप, खोकला, जुलाब, शक्ती, सगळ्या सिरपांत साखर, आणि जिथे साखर नाही तिथे सॉर्बिटॉल, तेही या पोराला वर्ज्य. ते टॉनिक तर निम्मं साखरच होतं. मी एका खोक्यावर राजवर्धनचं नाव लिहिलं आणि त्याला चालणाऱ्या चार गोळ्या त्यात ठेवल्या. चारच सापडल्या.

तात्या आठ दिवस गुऱ्हाळावर गेला नाही. मग गेला. दुसरं काही येत नाही, म्हणाला. पोर मात्र वाढायला लागलं. पोट आत गेलं, गाल वर आले. भाकरी, भात, दूध, अंडं, बेताच्या फोडणीचा मटणाचा रस्सा, सगळं हाणायचं. दात बघाल तर एक किडका नाही.

पण गाव होतं तिथेच होतं. संयोगिताने शर्टाला चिठ्ठी लावली : ‘मला गोड देऊ नका.’ लोक चिठ्ठी वाचायचे आणि म्हणायचे, ‘एवढ्याशानं काय हुतंय?’ आमच्याकडे पोराच्या हातावर काही ठेवलं नाही तर माणसाला आपलंच काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं. पोर तीन वर्षांचं असताना एका शेजारणीने जोतिबाचा पेढा भरवला. ‘देवाचा परसाद हाय, बादत न्हाय.’ देवाला यात ओढायचं काही कारण नव्हतं. पुन्हा सुई, पुन्हा बाटली.

त्या दिवशी तात्याने ठरवलं की गावाला सांगून उपयोग नाही, पोरालाच शिकवायचं. पण तीन वर्षांच्या पोराला एन्झाइम काय सांगणार? ‘डॉक्टर नको म्हणालेत’ म्हटलं तर ते हसायचं. तात्या त्याला समोर बसवायचा. विषाला आमच्याकडे इख म्हणतात.

‘गूळ म्हंजी काय?’

‘इख.’

‘साखर?’

‘इख.’

‘आंबा?’

‘इख.’

‘कुणी दिलं तर?’

‘हात मागं घ्यायचा.’

तानाबाईला हे सहन होईना. ‘ज्या गुळावर घर हुबं ऱ्हायलं त्याला इख म्हणायला लावताय? लक्ष्मी हाय ती!’

‘त्यो म्हणतोय,’ तात्या म्हणायचा. ‘मी कुठं म्हणतोय?’ आणि ते खरं होतं. मी त्याच्या तोंडून तो शब्द कधी ऐकला नव्हता. त्याला स्वतःला बोलायची वेळ आली की ‘त्याला चालत न्हाय’ एवढंच.

मागच्या हंगामातली गोष्ट. गुऱ्हाळाचा मालक पृथ्वीराज हल्ली शहरातले लोक गुऱ्हाळ बघायला आणतो. जानेवारीत पुण्याचं एक कुटुंब आलं होतं, मोबाइल उंच धरून, पाच-पाच किलोच्या भेल्या बाजूला काढून ठेवलेल्या. राजवर्धन साडेचार वर्षांचा, आजाबरोबर आला होता आणि चिपाडाच्या ढिगावर बसला होता. मी काकवी न्यायला गेलो होतो.

त्यातल्या बाईंनी वाफ्यातला गरम गूळ पळसाच्या पानावर घेतला आणि पोरापुढे धरला. ‘घे बाळा.’

पोराने दोन्ही हात पाठीमागे घेतले. ‘नगं. इख हाय त्ये.’

सगळे हसले. मोबाइल त्याच्याकडे वळले. पृथ्वीराजचा चेहरा उतरला. ‘लहान आहे हो, काहीही बोलतं,’ तो म्हणाला आणि तात्याकडे डोळे वटारून बघितलं. म्हणजे आवर त्याला, गिऱ्हाईक उभं आहे.

बाई खाली वाकल्या. ‘विष कसं असेल रे? तुझ्याच आजोबांनी केलंय ना? एवढासा खा, माझ्यासाठी.’ आणि पान त्याच्या तोंडाजवळ नेलं.

पोर गोंधळलं. आजाने केलंय हे तर खरंच होतं. त्याने आजाकडे बघितलं. त्याचा एक हात पाठीमागून सुटून पुढे यायला लागला.

तात्या वाफ्याजवळून उठला. मालकाकडे त्याने बघितलंही नाही. बाईंच्या हातातलं पान त्याने काढून घेतलं, अगदी सावकाश, मान ठेवून.

‘व्हय ताई, मीच केलंय,’ तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. ‘आणि ह्याला त्ये इख हाय.’

मग तो पोरापुढे उकिडवा बसला.

‘बरोबर बोललास. आणि एकदा म्हण. आजा काय करतोय?’

‘इख.’

‘जोरात म्हण की लेका.’